सिंह दिसेपर्यंत

तिसऱ्या दिवशीही सिंह दिसला नाही, तेव्हा गाथोनीचा संयम संपला.

“सिरोंका, या माळावर खरंच सिंह आहेत, की नुसते लॉजच्या जाहिरातीत?” जीपमधून उतरताना तिने विचारलं.

“आहेत, मॅडम,” गाइड खाली बघत म्हणाला. “नदीकडे गेले असतील.”

“काल म्हणालास, टेकडीकडे गेले. आज नदीकडे चल म्हटलं, तर तिकडे चिखल.”

तो जीपची काच पुसू लागला. ते बघून ती आणखी चिडली.

तिचे वडील न्गातिया एकोणऐंशी वर्षांचे. चौतीस वर्षं त्यांनी नैरोबीहून पर्यटकांची बस इथल्या अभयारण्याच्या फाटकापर्यंत आणली आणि फाटकातूनच मागे फिरवली. सिंह बघायचा राहिला, असं ते नाताळात बोलले आणि गाथोनीने शब्द दिला: सिंह दिसल्याशिवाय परतायचं नाही. एका रात्रीचं काम, असं तिला वाटलं होतं. ती नैरोबीत वकील. आई गेल्यापासून वडील न्येरीला एकटेच असत. वर्षातून एकदा ती जाई आणि जेवण झालं की निघे.

दुपारी जेवताना शेजारच्या टेबलावरचा मोंबासाचा माणूस बायकोला म्हणाला, “अकरा मोजले मी. पिल्लं धरून.”

गाथोनीने ताट सरकवलं आणि थेट व्यवस्थापिकेला गाठलं. “आमचा गाइड बदलून द्या.”

“सिरोंका आमचा सगळ्यात जुना माणूस आहे,” अकिन्यीबाई म्हणाल्या. “इथल्या एकेका सिंहाला तो ओळखतो.”

“मग त्या सिंहांनी ओळख तोडलेली दिसतेय.”

न्गातिया मागोमाग काठी टेकत आले होते. “राहू दे, माय. कुणाच्या पोटावर पाय देऊ नको.”

ती फोन करायला गेली. पंधरा मिनिटं तिचा चढलेला आवाज बाहेर ऐकू येत होता. परत आली ती थकून. तंबूपुढच्या खुर्चीत बसून तिने बूट काढले.

“रविवारपर्यंत सुट्टी वाढवलीय, बाबा. सोमवारची सुनावणी दुसऱ्याच्या गळ्यात मारली. वरिष्ठ भडकलेत.”

“माझ्यापायी तुझी कामं अडली.”

“शब्द दिलाय ना.” बूट खुर्चीखाली सारत ती म्हणाली, “काल आईचं काय सांगत होतात? बस बंद पडली तेव्हाचं?”

“तिने सगळ्या गोऱ्यांना खाली उतरवून बस ढकलायला लावली होती. आणि वर त्यांनाच म्हणाली, जोर लावा, नाश्त्यात काय खाल्लंत?”

गाथोनी हसली. इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. मग आंघोळीला आत गेली.

ती गेल्यावर सिरोंका टोपी हातात धरून हळूच जवळ आला.

“आजोबा, आता माझ्याच्यानं होत नाही. आज सिंहीण ऐन वाटेत बसली होती. मॅडमचा तुमच्या खांद्यावर डोळा लागला होता, म्हणून निभावलं. उद्या कुठं नेऊ?”

न्गातियांनी तंबूकडे पाहिलं. आत गाथोनी काहीतरी गुणगुणत होती.

“आणखी लांब ने,” ते म्हणाले. “जिथं एकही सिंह नसेल, तिथं.”