सुनेचा कान

ताट घेऊन आतल्या खोलीत जेवणारी सून कुमुदिनीबाईंना शिष्ट वाटायची. आज मात्र ऋजुता टेबलाशी थांबली. स्वतःला ऐकू येतं तसंच दुसऱ्याला ऐकवणारा, दवाखान्यातून आणलेला मणी तिने सासूच्या कानात बसवला.

"आई, एकच घास."

समोर नानांनी कढीचा भुरका मारला.

बाईंच्या डोक्यातून करवत फिरली. छाती धडधडू लागली. चाळीस वर्षं सोबत जेवलेल्या नवऱ्यावर वाटी भिरकावावीशी वाटली. नाना आपले खुशीत भुरकत होते. एवढ्याशा आवाजात केवढं हे वादळ! बाई सुनेकडे वळल्या.

"पोरी, हे ऐकत तू यांना सहा वर्षं कढी वाढलीस?"

ऋजुताने हसून नानांना आणखी कढी वाढली.

बाईंनी हळूच विचारलं, "जेवताना माझाही आवाज होतो का गं?"