साडूपेक्षा दोन इंच

"साडूंकडे बत्तीस इंचांचा आहे," अल्बमवाला म्हणाला. "तेव्हा तुम्ही काय ते समजा."

दुकानदार समजला. अल्ट्रावाइड मॉनिटर घ्यायला येणारी माणसं त्याच्या अनुभवात दोनच प्रकारची होती. काही टेबल मोजून येत, काही दुसऱ्याचा मॉनिटर मोजून.

"साडू काय करतात?"

"गेम खेळतात. मधूनमधून व्हिडिओ एडिट करतात. उरलेल्या वेळात मिरवतात."

"आम्ही लग्नाचे अल्बम करतो," बायको मध्ये पडली. "दोन पानं शेजारी शेजारी, अख्खी दिसायला हवीत. आणि रंग खरे. मागच्या महिन्यात नवरीचा डाळिंबी पोशाख तपकिरी छापून आला. तिच्या आईने अल्बम आमच्या टेबलावर आपटला. आणखी एक गिऱ्हाईक असं गेलं, तर स्टुडिओला कुलूपच लावायचं."

दुकानदाराने दोन लांबुळके मॉनिटर सुरू केले. "दोन्ही चौतीसचे. हा रंगांच्या कामाचा, याच्यावर डाळिंबी ते डाळिंबीच. हा गेमवाल्यांचा. पळतो झकास, पण रंग जरा नटवे."

"चौतीस!" अल्बमवाल्याने आकडा तोंडात घोळवला. "म्हणजे दोन इंच वर." त्याचा चेहरा असा उजळला, की रंगांबद्दल पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. "द्या. यातला कुठलाही द्या."

"साडूंचा बत्तीसचाच आहे ना? खोक्यावर पाहिलंत?"

"खोक्यावर कशाला? मी स्वतः मोजलाय. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

"कधी?" बायकोने विचारलं.

"रविवारी. तू आणि ताई आत चहा करत होतात तेव्हा."

"म्हणजे माझी शिवणाची टेप तुमच्या खिशात होती! आणि मी दोन दिवस घर पालथं घालतेय!"

दुकानदार खाकरला. "साहेब, मॉनिटर आडवा मोजत नाहीत. कर्णाने मोजतात. खालच्या या कोपऱ्यापासून वरच्या त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपा. आडवा बत्तीस भरला, म्हणजे तो चौतीसचाच. म्हणजे हाच."

"हाच?"

"याचा सख्खा भाऊ."

शाळेत भूमितीच्या तासाला डुलक्या काढल्याचं फळ माणसाला इतक्या उशिरा मिळू नये. आणि बायकोसमोर तर नयेच नये.

"याच्याहून मोठा दाखवा."

"एकोणपन्नासचा आहे. कर्णाने," दुकानदाराने आता जपून सांगितलं. "पण तो गेमचा. डाळिंबीची हमी मी देणार नाही. आणि आडवा सत्तेचाळीस इंच जातो. टेबल केवढं आहे?"

"चांगलं मोठं आहे."

"बेचाळीस इंच," बायको म्हणाली.

"टेबल बदलू."

"मग दार उघडणार नाही."

"दार बाहेर उघडेल असं करून घेऊ."

बायकोने त्याला बाजूला घेतलं. "अहो, झालंय काय तुम्हाला? काम बघायचं की साडू?"

"त्या दिवशी त्यांच्याकडे तूच म्हणालीस, भाऊजींचं सगळं कसं ऐसपैस."

"मी सोफ्याबद्दल म्हणाले."

"सगळं म्हणालीस."

"बरं, सगळ्या सोफ्याबद्दल म्हणाले!"

दुकानदाराने तोवर एकोणपन्नासचा मॉनिटर सुरूही केला होता. "तुमचाच एखादा फोटो लावून बघू या का? मग भांडण राहणार नाही."

अल्बमवाल्याने पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात सध्या चाललेलं काम होतं. साडूंच्या लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाचा अल्बम, घरचा म्हणून घेतलेला. दुकानदाराला हे कुठून माहीत असणार? त्याने पहिला फोटो उघडला आणि पूर्ण स्क्रीनभर ताणला.

साडू या टोकापासून त्या टोकापर्यंत हसले. दोन्ही हात पसरलेले, दात मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. नटव्या रंगांनी त्यांच्या गालांवर लाली चढवली होती आणि वयातली दहा वर्षं उतरवली होती. कीबोर्ड बघायला आलेली दोन अनोळखी गिऱ्हाइकंही वळून पाहू लागली.

"अगं बाई!" बायकोच्या तोंडून निघून गेलं. "भाऊजी काय रुबाबदार दिसतायत!"

अल्बमवाला दोन पावलं मागे सरला. साडू तेवढेच. आणखी दोन पावलं मागे सरला, तेव्हा पाठीला प्रिंटरची मांडणी लागली. साडू तरीही तेवढेच.

"याच्यापेक्षा," तो घसा साफ करत म्हणाला, "लहानात काय आहे?"