मेरीबाईचा बाक

“काका, न उघडता न्हाई का व्हनार?” जोएलने तिसऱ्यांदा विचारलं.

प्रभुदासही मनातल्या मनात देवाला तेच विचारत होता. गिटार टेबलावर पालथी पडली होती. आतली एक पट्टी निखळली होती आणि तार छेडली की डब्यात अडकलेल्या माशीसारखी गुणगुणत होती. भोकातून हात घालून पाहिला, पण पट्टीपर्यंत बोट पोचलं नाही.

“न्हाई,” तो म्हणाला. “पाठ काढावीच लागंल.”

बाहेर ओट्यावर चर्चचे पाळकसाहेब चहा पीत बसले होते. या दोघांना एका खोलीत कोंडणारे तेच. “ज्या हातांनी घडवली, तेच हात दुरुस्त करतील,” असं त्यांनी भर मंडळीत जाहीर करून टाकलं होतं. येत्या रविवारी जोएल ही गिटार चर्चला अर्पण करणार होता. काचेचं कपाट आलं होतं, त्यावरची पाटीही रंगवून झाली होती. आणि त्याआधी जोएल आणि प्रभुदास, दोघांनी वेदीसमोर उभं राहून साक्ष द्यायची होती.

गिटारची हकीकत अख्ख्या बेलापूर गावाला तोंडपाठ होती. जोएलची आई मेरीबाई जन्मभर चर्चमधल्या एकाच बाकावर बसली. ती गेली, पुढे बाकांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तेव्हा एकोणीस वर्षांच्या जोएलने तो बाक मागून घेतला आणि गिटार बनवायला प्रभुदासच्या दारात आणून टाकला. प्रभुदास तेव्हा नागापूरच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायचा आणि हौसेने वाद्यं. त्या सागवानी बाकातून त्याने क्लासिकल गिटारची पाठ घडवली. ती गिटार घेऊन जोएल मुंबईला गेला, तिथून जगभर. कार्यक्रमाच्या शेवटी तो गिटारची पाठ लोकांकडे वळवून म्हणायचा, “ही माझी आई.” लोक रडायचे. टीव्हीसमोर हेलन, प्रभुदासची बायको, पदराने डोळे पुसायची. प्रभुदास उठून अंगणात जायचा.

कारण बाक वाळवीने पार पोखरलेला होता. रंधा फिरवताच हातात भुसा आला. पोराचं तोंड बघवेना, म्हणून प्रभुदासने कारखान्यात आलेल्या एका मशीनच्या खोक्याची फळी घेतली आणि वरून सागवानी रंग चढवला. फळीच्या आतल्या बाजूला खोक्याचा काळा छाप होता, पाण्यापासून जपायला सांगणारी उघडी छत्री. ती रंधून काढावी तर फळी कागदासारखी झाली असती. मग भोकातून दिसणार नाही अशा बेताने त्याने ती तळाच्या कडेला घेतली. मेरीबाईचा बाक न्हाणीच्या बंबात जळाला. लहानशीच थाप. पण थापेला पाय फुटतात म्हणतात, हिला तर विमानाचं तिकीट मिळालं.

सकाळपासून त्याने गिटारकडे धड पाहिलंही नव्हतं. हातात घेतली तेव्हा हलकी लागली, तसं तो बोलला, एवढंच.

“लाकूड वाळलं की हलकं व्हतं ना, काका?” जोएल घाईने म्हणाला. “पॉलिशबी दोनदा झालंय मुंबईत.”

“व्हतं की.”

चोराच्या मनात चांदणं. पोराला संशय आलाय, हे प्रभुदासने तिथेच ताडलं.

“उघडली की हाक मारा हं!” बाहेरून पाळकसाहेब ओरडले. “आतून बाकाचा फोटो काढायचाय.”

जोएल उठला आणि त्याने दाराला आतून कडी लावली.

“जोएल, एक सांगायचं व्हतं.”

“आत्ता काई नका सांगू, काका,” जोएल खाली बघत म्हणाला. “उघडा एकदाची.”

प्रभुदासने सुरी शेगडीवर तापवली आणि पाठीच्या सांध्यात सरकवली. सरस कुरकुरत सुटू लागला. खोटी साक्ष देऊ नको. ही आज्ञा संडे स्कूलच्या पोरांकडून त्यानेच घोकून घेतली होती, जोएलकडूनसुद्धा. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीती तर त्याहून जास्त.

पाठ मोकळी झाली. त्याने ती उलटी केली, डोळे मिटून घेतले आणि उघडले.

तळाची कड कोरी होती. त्याने चष्मा पुसला. फळी खिडकीशी नेली, कडेवरून बोट फिरवलं, वरची बाजू खाली करून पाहिली. अस्सल सागवान होतं. छत्री कुठेच नव्हती.

“झालं का?” बाहेरून हाक आली.

प्रभुदासने वर पाहिलं. जोएल दाराला पाठ लावून उभा होता, एक हात कडीवर. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“पाया पडतो, रविवारी सांगू नका,” तो कुजबुजला. “ही दुसरी हाय, तसलीच करून घेतलेली. तुमच्या हातची अकरा वर्षांमागं रेल्वेत राहिली. आईला मी गाडीत विसरून आलो, काका.”