खडा

चौथ्यांदा तिचा रिपोर्ट बंद होऊन परत आला. खाली तोच शेरा होता, 'दोष पुन्हा दिसला नाही,' आणि शेऱ्याखाली साहेबांचं नाव.

फोनची ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या त्या कंपनीत ती सहा वर्षं टेस्टर होती. सिस्टीममधले बग शोधायचे, लिहून द्यायचे आणि कुणीतरी ते दुरुस्त करील अशी वाट बघायची, हे तिचं काम. हा बग दिसायला साधा होता. कधीमधी फोनचा गजर वाजायचाच नाही. एका बाईंनी कळवलं होतं की वडिलांच्या गोळ्यांची वेळ सलग दोन दिवस चुकली आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. ते पत्र तिने चारही वेळा रिपोर्टला जोडलं होतं. चारही वेळा ते कुणी उघडलं नव्हतं.

आणि बाहेर तो खडा होता. इंटरनेटवर याच नावाने लिहिणारा, पलीकडच्या कंपनीच्या सिस्टीमचा कट्टर भक्त. महिन्या-दोन महिन्यांनी तो यांच्या सिस्टीमचा एखादा बग चव्हाट्यावर मांडायचा, तोही इतका नेमका की वाचणाऱ्याने घरबसल्या करून पाहावा. शेवटचं वाक्य ठरलेलं असे: 'आमच्याकडे असलं काही होत नाही.' मग दोन्हीकडचे भक्त एकमेकांच्या उरावर बसत. संध्याकाळी घरी गेल्यावर तीही बाह्या सरसावून त्यात उतरायची. नवरा जेवायला हाका मारून थकायचा.

तिला सगळ्यात जास्त खुपायचं ते वेगळंच. खड्याने लिहिलेला बग चार दिवसांत दुरुस्त व्हायचा. वरच्या मजल्यावर धावपळ उडायची, जादा माणसं मिळायची. तिचे रिपोर्ट मात्र धूळ खात पडायचे.

"घरच्या माणसाला किंमत नाही, दादा," ती शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणायची.

दादा वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच दादा. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. एरवी ते तिची बाजू घेत, पण खड्याचा विषय निघाला की गप्प बसत. एकदा एवढंच म्हणाले, "तो खोटं काय लिहितो, ते सांग." ते तिला फार लागलं.

साहेब तसे नव्हते. सोमवारच्या बैठकीत ते खड्याचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवत, एकदाही न अडखळता, आणि मग सगळ्यांकडे बघत. वरच्यांना वाटतंय, आपल्यातलंच कुणीतरी फितूर आहे, असं त्यांनी एका सोमवारी सांगितलं.

त्याच आठवड्यात जिन्याच्या वळणावर तिला दादा दिसले. हातात फोन होता, आणि तो पलीकडच्या कंपनीचा होता. तिची चाहूल लागताच त्यांनी तो घाईने खिशात टाकला.

दोन दिवस तिला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि पाहिलेलं सगळं सांगून मोकळी झाली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमची खात्री आहे?"

"हो."

"एकदा वर कळवलं की मागे घेता येणार नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

आठवड्याभरात दादांना घरी पाठवलं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. खण रिकामा केला आणि जाताना तो फोन तिच्या टेबलावर ठेवला.

"तुझ्या गजरासाठी घेतला होता," ते म्हणाले. "त्यांचा कधी वाजतो, आपला कधी नाही, ते ताडून बघत होतो. इथे कुणाला दिसला असता तर उगाच गैरसमज झाला असता, म्हणून लपवला. आता तू बघ."

चोर कधी कबूल करतो का, असं तिने स्वतःला बजावलं. तीन महिने खड्याने एक अक्षरही लिहिलं नाही, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. आपण चुकलो नव्हतो.

दादांचा फोन आणि आपला फोन शेजारी ठेवून ती रोज तासन् तास बसू लागली. बंद कर, चालू कर, घड्याळ पुढे कर, मागे कर. डोकं भणाणून जायचं. आणि एका दुपारी बग सापडला. तिने तो तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा गजर मुका राहिला.

रिपोर्ट लिहायलाही ती थांबली नाही. तडक केबिनमध्ये शिरली आणि दार लावून घेतलं.

"कुलूप न उघडता तारीख बदलली की गजर मरतो," ती म्हणाली. फोन आपोआप बंद होऊन चालू झाला, स्क्रीनचं कुलूप कुणी उघडलं नाही आणि तेवढ्यात मध्यरात्र उलटली, की त्या दिवसाचे सगळे गजर गेलेच, हेही तिने समजावून सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, आणि मग मान हलवली. या वर्षी जमणार नाही, म्हणाले. माणसं नाहीत, वर कुणी ऐकणार नाही. एवढ्यात ते कुठे लिहूही नका.

ती रडकुंडीला आली, पण त्यांचं सांगणं पाळलं. कुठे लिहिलं नाही. घरी नवऱ्यालाही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोहोचली तेव्हा सगळे एकाच टेबलाभोवती गोळा झाले होते. वरच्या मजल्यावरून फोनवर फोन येत होते. खडा परतलाय, कुणीतरी म्हणालं आणि तिला वाट करून दिली. तिने वाकून पडद्यावरचं शीर्षक वाचलं.

'कुलूप न उघडता तारीख बदलली की गजर मरतो.'