एकतिसावं यंत्र

राकेशने तपासणी सुरू केली आणि सातपूरच्या त्या कारखान्यातली मशिनं तिसऱ्यांदा ठप्प झाली.

"अरे, हे तपासतंय की मारतंय?" शेठ कावले.

"सगळ्यांना एकदम प्रश्न विचारतंय, शेठ. जुनी यंत्रं गांगरून बंद पडतात. करतो दुरुस्त."

नेटवर्कला काय काय जोडलंय ते शोधणारा हा प्रोग्राम राकेशनेच लिहिलेला. वायरी एकतीस होत्या, यादीत नावं मात्र तीसच यायची. एकतिसावं यंत्र नाव सांगण्याआधीच बंद पडायचं. ते कोणतं, हे राकेशने मनाशी केव्हाच ताडलं होतं.

चार वर्षांपूर्वी खंडेनवमीला इथल्याच प्रेसने त्याच्या वडिलांचा, देवरामचा, उजवा हात नेला. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला बसवलेली जाळी कोणीतरी काढली होती. त्याच संध्याकाळी मॅनेजर महेशने सांगितलं, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर जळाला. पुढे नवे कॅमेरे बसले आणि जुना डबा कुठे गेला, ते कोणी विचारलं नाही.

देवराम आता कारखान्याच्याच गेटवर राखणीला बसत. विषय काढला की म्हणत, "जाऊ दे ना बाबा. महेशसाहेबांच्या वाटेला जाऊ नको." बापाची ही भीती बघून राकेशचं डोकं तडकायचं.

त्याने प्रोग्राम बदलला. एका वेळी एकच प्रश्न, मग उत्तराची वाट. शेठना मुद्दाम शेजारी बसवून घेतलं.

महेश दारात आला. "मशिनं चालू राहिली ना? मग बास कर, राकेश."

"का सर? घाम फुटला?"

"तुझ्या भल्याचं सांगतोय."

राकेशला बरं वाटलं. हा उतरलेला चेहरा बघायलाच तो चार वर्षं थांबला होता.

यादी हळूहळू पुढे सरकली. एकही मशीन थांबलं नाही. शेवटी एकतिसावी ओळ उमटली: कॅमेरा रेकॉर्डर, चालू.

"हा तर जळाला होता ना?" शेठनी महेशकडे पाहिलं. महेशने मान खाली घातली, तसे शेठ राकेशकडे वळले. "लाव रे त्या दिवसाचं. ज्याने जाळी काढली असेल, तो उद्यापासून या गेटच्या आत दिसणार नाही."

"दाखवतोच, शेठ," राकेश म्हणाला.

पडद्यावर झेंडूच्या माळा घातलेली प्रेस आली. आसपास कोणी नव्हतं. देवराम एकटेच पूजेचं ताट घेऊन आले. त्यांनी पान्याने जाळी सोडवली, आत वाकून साच्याला कुंकू लावलं, मनोभावे नमस्कार केला आणि जाळी बाजूला तशीच ठेवून मुहूर्ताचा पहिला नग काढायला प्रेस चालू केली.