पाहुण्यांनी बाथरूमला जावं म्हणून

"आणखी एक ग्लास सरबत घ्या ना," दिनकरराव शेजवळ चौथ्यांदा म्हणाले. मुलगी पाहायला आलेले पाहुणे दोन तास पीतच होते, पण बाथरूमला कुणी जात नव्हतं. लघवी तपासणारे कमोड घरोघरी बसल्यापासून स्थळं अशीच पारखली जात.

शेवटी नवरामुलगा कौस्तुभ खिसा चाचपत उठला आणि आत जाऊन आला. दिनकररावांच्या फोनवर लगेच अहवाल आला: साखर नाही, मूत्रपिंडं उत्तम, आनुवंशिक आजार शून्य.

"इतकं निरोगी कुणी असतं का?" ते स्वयंपाकघरात मुलीच्या कानाशी पुटपुटले.

गौतमीने अहवाल खालपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरात होतं: नमुना सहा तास शिळा.

"बाटलीतून आणलंय लबाडाने! आत्ताच नकार देतो."

"थांबा बाबा. गेल्या रविवारी आपण त्यांचं घर बघायला गेलो, तेव्हा मी तरी कुठे स्वतःचं ओतलं होतं?"

दिनकरराव ओट्याला टेकले. "मग कुणाचं?"

"तुमचं नक्कीच नाही. तुमची साखर तीनशे आहे, आणि मला लग्न करायचंय."