न दिसणारं काम

शेजारच्या टेबलावरच्या पठ्ठ्याने न तपासलेला प्रोग्रॅम चढवून आपली अख्खी सिस्टीम झोपवली, मग दोन दिवस धावपळ करून तीच उठवली आणि 'कंपनीचा तारणहार' म्हणून टाळ्या घेतल्या. आग लावणाऱ्याच्याच गळ्यात हार!

ती मात्र वर्षानुवर्षं आपल्या सिस्टीमचे बिघाड, ते होण्याआधीच निस्तरत आली होती.

"तुझ्याकडे कधी काही बंदच पडत नाही गं," तिची बढती नाकारताना साहेब म्हणाले. "तुझं काम दिसत नाही."

तिचं डोकं सणकलं.

पुढच्याच आठवड्यात साहेब धापा टाकत तिच्या टेबलाशी आले. "अगं, तुझी सिस्टीम ठप्प झालीय! तुला आधी कळलं नाही?"

"कळलं होतं ना, सर."



तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "आता दिसलं का माझं काम?"